गाडीला सांगितलेली गोष्ट

आमचे हे तीस वर्षं ड्रायव्हर. कधी कुठे घासलं नाही, की पावती फाटली नाही. मग यांच्या टॅक्सी कंपनीने आपोआप चालणारी गाडी आणली. यांनी नुसतं स्टिअरिंगपुढे बसायचं, रस्त्यावर नजर ठेवायची, गाडी चुकली तर ब्रेक मारायचा. मी म्हटलं, "बसून हुकूम सोडायचे? घरी तेच तर करता!"

गाडी बाईच्या आवाजात बोलते. दर दहा मिनिटांनी विचारते, "लक्ष आहे ना?" यांनी "आहे" म्हणायचं. हे तिला ताई म्हणायला लागले. मला हसूच यायचं, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नणंद मिळाली म्हणून.

परवा कंपनीतून फोन आला, दोघंही या. साहेबांनी दार लावलं. "गाडीतलं सगळं बोलणं साठवलं जातं, वहिनी. आमच्या माणसांनी काल ऐकलं. तुम्हीही ऐका."

यांचाच आवाज, अगदी दबका. "ताई, सिग्नल कुठला गं?"

"लाल."

"पुढे कोणी आहे?"

"उजवीकडे एक सायकल आहे."

जरा वेळाने परत यांचाच आवाज. "डाव्या डोळ्याने काहीच दिसत नाही आता. उजव्याचंही खरं नाही. बायकोला सांगितलं नाहीये. तूही बोलू नकोस हं."

"ठीक आहे," गाडी म्हणाली.

अहो, ज्याने गाडीवर नजर ठेवायची, तोच गाडीला विचारतोय! आणि मागच्या सीटवर लोकांची लेकरंबाळं!

"कधीपासून?" मी विचारलं.

"आठ महिने झाले," साहेब म्हणाले.

आठ महिने! रोज एका ताटासमोर बसतोय आम्ही. पाण्याचा पेला कलंडला की मी वैतागायची, म्हणायची, धांदरटच झालात अगदी. देवा रे!

साहेबांनी कामावरून कमी केल्याचा कागद पुढे सरकवला. हे सही करायला वाकले, तर पेन कागद सोडून टेबलावरच चालायला लागलं. मी हात धरून जागेवर आणला. साहेबांनी मान वळवली.

जिन्यात माझा संयम सुटला. "त्या यंत्राला सांगितलंत आणि मला नाही? मी काय मेले होते?"

"तुला सांगितलं असतं तर तू कामावर जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं!"

"ती जाऊ देत होती," हे म्हणाले.