सीटखालचं फडकं

बहिणीच्या गावच्या, पिशोरच्या या प्रवासातली एक गोष्ट मी घरातसुद्धा कुणाला सांगितलेली नाही. वाटेत मोटारसायकल बंद पडली ती माझ्यामुळे. नाव मात्र मी दुसऱ्याचं घेतलं.

सर्व्हिसिंग झालेली गाडी सकाळी क्रांती चौकाजवळच्या शोरूममधून ताब्यात घेतली. गाडीचं काम केलं होतं सुजातानं. तिथल्या वर्कशॉपमधली ती एकटीच बाई मेकॅनिक. चावी देताना तिनं सीटखाली सापडलेलं एक फडकं माझ्या हातात ठेवलं, माझ्याच जुन्या बनियनचं.

"काका, हे सीटखाली कोंबू नका. तिथंच हवेच्या फिल्टरचं तोंड हाय. गाडी पळाया लागली की फडकं त्याच्यावर खेचून बसतं."

शेजारचं गिऱ्हाईक हसलं. "घ्या. आता पोरी शिकवणार आपल्याला."

मीही हसलो. पुसायचं फडकं सीटखाली ठेवायची सवय मला पहिल्या गाडीपासूनची. पुढं पेट्रोल भरायला थांबलो, टाकी पुसली आणि फडकं होतं तिथंच कोंबलं. विसरून नाही, मुद्दाम.

शहराच्या गर्दीत गाडी नीट चालली. हर्सूलच्या तलावावरून गार वारा आला, तुरुंगाची भिंत मागं पडली आणि रस्ता मोकळा झाला. वेग वाढवला तशी गाडी घुसमटली आणि आचके देत बंद पडली. जरा थांबलं की सुरू व्हायची, ॲक्सिलेटर पिळला की पुन्हा तेच. शेवटी फुलंब्रीच्या अलीकडे एका हॉटेलापर्यंत ढकलत नेली.

"सर्व्हिसिंगहून आणली व्हय?" भजी तळता तळता हॉटेलवाला म्हणाला. "चांगली चालती गाडी तिथं न्यायचीच कशाला?"

बाकड्यावरची माणसं हसली. मी शोरूमच्या सुपरवायझरला फोन लावला.

"सर, गाडी कुणी केली होती?"

"तुमच्या त्या बाईनं. बायकांच्या हातात गाड्या देताच कशाला?"

तो म्हणाला, "बरोबर आहे सर. याआधीही एकानं असंच सुनावलंय. तिला आता काउंटरवरच बसवतो."

फोन ठेवून मी भजी खाल्ली. चांगली लागली, हेही लिहायला हवं.

तिथून रडतखडत पिशोरला पोचलो. दुतर्फा मक्याची शेतं होती, पण माझं सगळं लक्ष इंजिनाच्या आवाजात. बहिणीच्या दारात दाजी (तिचे यजमान) उभेच होते.

"लई उशीर केला. गाडी म्हातारी झाली का माणूस?"

जेवायला भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेलं धान्य आणि मसाले दळून केलेली भुकटी घातलेली) होती. जेवून अंगणात गाडीचा प्लग बघावा म्हणून हत्यारं काढायला सीट उचलली. फडकं फिल्टरच्या तोंडावर घट्ट चिकटलेलं होतं. सोडवलं तर मधोमध धुळीचा काळा गोल उमटलेला.

ओट्यावरून दाजींनी विचारलं, "घावलं का काही?"

"नाय," म्हणालो आणि फडकं खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी परतताना गाडी अशी पळाली की हर्सूल कधी आलं कळलं नाही. सुपरवायझरला खरं सांगायचं ठरवून थेट शोरूम गाठलं. सुजाता काउंटरवर बिलं काढत होती. मला बघून उठली.

"काका, माझ्याकडून काय राहिलं होतं, तेवढं सांगा. इथं कुणी सांगंना. मी रात्री सगळं आठवून पायलं, मला घावलं नाही."

सुपरवायझर शेजारच्याच काचेच्या खोलीत बसला होता. दारही उघडं होतं.

"काही विशेष नाही," मी म्हणालो. "आता बरी चालते."

"मग झालं," ती म्हणाली आणि खाली बसली. मागं वर्कशॉपमध्ये कुणीतरी गाडी रेस करत होतं. बिल काढता काढता तिनं मान तिरकी करून तो आवाज ऐकला.

प्रवासाहून आलो की मी घरी दोन दिवस तेच बोलत असतो. या वेळी येसराच्या आमटीपुढं गेलो नाही. शोरूमवरून रोज जातो, आत अजून गेलेलो नाही. त्या काचेच्या खोलीत उभं राहून, सुजाताच्या देखत, चूक माझी होती आणि तिनं मला आधीच बजावलं होतं, एवढं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.