मैनाबाईंनी मागे घेतलेला शब्द

ह्यांची बदली मध्य प्रदेशातल्या कटंगीच्या पोस्टात झाली ती चौसष्ट साली. हे पोस्टमास्तर, म्हणून मी आपोआप गावाची ‘पोस्टाच्या बाई’ झाले. आमच्या घरामागे एक लहानसा दवाखाना होता. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस तो दवाखाना मैनाबाईंचा. कागदावर त्या आया होत्या. झाडलोट करायची, पट्ट्या उकळायच्या, बाळंतिणीपाशी बसायचं. पण पोरगं झाडावरून पडलं की लोक डॉक्टरांचा वार पाहत बसत नसत, मैनाबाईंकडे धावत.

पन्नाशीची काटक बाई. शिक्षण तिसरीपर्यंत. त्यांची तपासायची रीत मी आमच्या मागच्या ओट्यावरून कितीदा पाहिली आहे. आधी पोराच्या आईला गप्प करायचं. “तू नको सांगू. त्याचं त्याले सांगू दे.” मग पोराला उजेडाकडे तोंड करून बसवायचं, डोळ्यांवर हात धरायचा, पटकन काढायचा, आणि दोन्ही डोळ्यांतल्या बाहुल्या सारख्याच लहान होतात का ते पाहायचं. एक मोठी राहिली, पोर सारखं ओकायला लागलं, किंवा झोपेतून नीट जागं होईना, तर पुढे काही विचारायचं नाही. पहिल्या बसने बालाघाट. तसं नसेल तर भिंतीकडेने टाचेला अंगठा लावत चालवायचं. चालता चालता विचारायचं, सकाळी काय खाल्लं, पडायच्या आधी कोण काय बोललं.

“हात मोडला तर दिसते,” त्या मला एकदा म्हणाल्या, “डोस्क्याच्या आतलं कोणाले दिसते? म्हणून लोक लेकराले लबाड म्हणतात.”

हे त्यांना घरातूनच कळलेलं. धाकटा भाऊ फकिरा लहानपणी खासरातून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, पडला. चार दिवसांनी शाळेत गेला तर शिकवलेलं ध्यानात राहीना. मास्तरांनी मारलं, मग बापाने मारलं, मग शाळाच सुटली. “आता तिरोडीच्या खाणीत हाय,” मैनाबाई म्हणाल्या. “पह्यले मले अशा गोष्टी सांगे, का हसून हसून पोट दुखे.” एवढं बोलून त्या पट्ट्या वाळत घालायला गेल्या.

आता सरिताबद्दल. सदुसष्ट सालचा श्रावण. तेजराम शेतकऱ्याची ही मुलगी तेरा वर्षांची, आठवीत होती. त्या घरातली आठवीपर्यंत पोचलेली पहिलीच मुलगी, आणि वर्षअखेर बोर्डाची परीक्षा. आमच्याकडे आषाढी अमावस्येच्या जिवतीपासून पोळ्यापर्यंत पोरं गेडीवर चालतात. दोन लांब बांबू, मध्ये पाय ठेवायला आडवा तुकडा. ही बया भावाची गेडी घेऊन विहिरीभोवतीच्या फरशीवर चढली आणि मागच्या मागे पडली. क्षणभर शुद्ध गेली. शुद्धीवर आल्यावर तिने आईला चार वेळा तोच प्रश्न विचारला, “शाळा सुटली का?”

डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचं सांगितलं, आराम सांगितला. तो आराम म्हणजे काय हे मैनाबाईंनी ठरवलं. आठ दिवस अंधाऱ्या खोलीत. पुस्तक नाही, ऊन नाही, आणि रोवण्याच्या चिखलात वाकणं तर मुळीच नाही. धान रोवायचे ऐन दिवस, त्यामुळे तेजराम कुरकुरला, पण त्याची बायको चंपाबाई ठाम राहिली.

नवव्या दिवशी मैनाबाई पाहायला गेल्या, मीही सोबत होते. त्या घरात मैनाबाईंना ओसरीच्या आत कधी कोणी बोलावलेलं नव्हतं. त्या बौद्ध, हे लोक जुन्या वळणाचे. कोणी बोलून दाखवत नसे, पण पाट ओसरीवरच मांडला जाई. तेव्हा सरितालाच बाहेर आणलं. बाहुल्या ठीक होत्या, चालही ठीक होती. पुढचे प्रश्न विचारणार तेवढ्यात तिचे आजोबा डोमाजी खाटेवरून उठून बसले. जुन्या मराठी शाळेत शिकलेले, आणि नात पाच वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी तिच्याकडून पाढे घोकून घेणारे.

“डोस्कंच पाहाचं हाय न? थांब, मी पाहतो. सरे, एकोणतीसचा म्हण.”

सरिताने डोळे मिटले आणि एकोणतीसचा पाढा कुठेही न अडता म्हटला. मग पावकी. मग दीडकी. म्हातारा फुलून गेला. “आता बोल मैनाबाई. तुह्या डॉक्टराले येते का दीडकी?”

सगळे हसले, मैनाबाईही हसल्या. “पोरगी बरी झाली,” त्या म्हणाल्या. “सोमवारपासून शाळेत धाडा.”

चौथ्याच दिवशी बिनसलं. आता शाळा हिंदीतून. गुरुजींनी फळ्यावर पाण्याच्या टाकीचं लांबलचक उदाहरण लिहिलं. सरिता तिसऱ्या ओळीशी पोचेपर्यंत पहिली ओळ विसरली. उभी राहिली ती उभीच. “बहाना मत बना,” म्हणत गुरुजींनी तिला बाहेर उन्हात उभं केलं. तिथे ती ओकली. तेजरामला बोलावणं गेलं. तो गुरुजींना काय म्हणाला असेल? “पहाडे तो घर में सब सुनाती है. दवाखानेवाली बाई भी बोली, ठीक है.” झालं, गुरुजींना पुरावाच मिळाला.

घरी येऊन तेजराम बायकोला म्हणाला, “उद्या नाव काढतो तिचं. खोटं बोलणारीले शिकवून का कराचं? रोवण्याले तरी हात लागल.”

चंपाबाई दुपारी माझ्याकडे आली नि रडली. मी तशीच मागच्या दाराने दवाखान्यात गेले आणि सगळं सांगितलं. मैनाबाई बाकावर बसल्या. 

“चूक माही हाय,” त्या म्हणाल्या. “पाढे ती पाचव्या वर्सापासून घोकते. ते आता इचार न करताच तोंडातून निंगतात. नवीन काही डोस्क्यात ठेवता येते का, ते मी पाह्यलंच नाही. म्हाताऱ्यासंग मीही कौतुकात पडली. न ओसरीवर चार माणसाईपुढं कोणतं लेकरू म्हणल, का मले गरगरते?”

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, त्या तेजरामच्या घरी गेल्या. ओसरीवर थांबल्या नाहीत. सरळ आत, सरिताच्या खाटेपाशी जाऊन बसल्या. डोमाजी ओसरीवरच्या खाटेवर उठून बसले. चंपाबाईने मागचं दार लोटून उजेड कमी केला.

“काहून गं, आता मले खरं सांग. वाचताना का होते?”

“अक्षरं हलतात. मंग डोस्कं ठणकते.”

“तवाच काहून नाही सांगितलं?”

सरिताने बाहेर ओसरीकडे पाहिलं. “आबाजी किती खुश झालते.”

मैनाबाईंनी तेजरामला आत बोलावलं आणि पोरीला म्हणाल्या, “जाय, मले गिलासभर पानी आण, येताना तो पाट भिंतीले लाव, न मंग तुह्या मावशीच्या गावचं नाव सांग.” सरिता पाणी घेऊन आली आणि पेला धरून खोलीच्या मध्ये थांबली. “आणखी का सांगितलं होतं?” तिने विचारलं. तिचे डोळे भरले. तेजराम खाली बसला.

“तेजरामभाऊ, मी चुकली,” मैनाबाई म्हणाल्या. “माह्या शब्दावर पोरगी लबाड ठरली. उद्या शाळेतही सांगतो.”

“पण पाढे तर बरोबर होते,” डोमाजी दारातून म्हणाले.

“हौ आबाजी. ते तुम्ही लय पक्के केलते.”

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सोबत गेले. वाटलं, हिंदीत बोलायला माझी मदत होईल. गरज पडली नाही. “गुरुजी, मैं गलत बोली थी,” मैनाबाईंनी सगळ्या मास्तरांसमोर सांगितलं. “लड़की झूठ नहीं बोलती. उसका सिर अभी थका है.” गुरुजी फणकारले, “तो पहले क्यों बोला?” “पूरा देखा नहीं था, इसलिए बोली.”  हेडमास्तरांनी अर्ध्या दिवसाची सूट लिहून दिली.

मग हळूहळू सुरुवात झाली. आधी घरी सुपात तांदूळ निवडायचे, दोन मुठी होईपर्यंतच. डोकं दुखलं की सूप खाली. दोन दिवस दुखलं नाही तर एक पान वाचायचं. मग मधल्या सुट्टीपर्यंत शाळा, खिडकीपासून दूरच्या सावलीच्या बाकावर. दोनदा मागे यावं लागलं. एकदा तर पुन्हा तांदळापर्यंत. तेजराम वैतागे, पण नाव काढायची भाषा त्याने पुन्हा केली नाही. रोवणा त्याच्या मेहुण्याने येऊन उरकून दिला. तपासायला मैनाबाई आता आतच बसत, आणि डोमाजींना कोणी ना कोणी त्या वेळी चहासाठी बाहेर नेई.

त्या वर्षी सरिता परीक्षेला बसली आणि गणितात राहिली. मला धास्ती वाटली. पण तेजरामने तिला पुन्हा बसवलं.

पुढच्या वर्षी निकालाच्या दिवशी मी दवाखान्यातच होते. डोमाजी काठी टेकत आले आणि बाकावर बसले. मैनाबाई एका पोराचा गुडघा धूत होत्या. म्हातारा थांबून राहिला. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाला, “पास झाली म्हणते पोरगी.”

“गणितात?”

“गणितातही.”

मैनाबाईंनी हात पुसले. “न डोस्कं?” त्यांनी विचारलं. “उन्हातून आली तर दुखते का अजून?”

डोमाजींनी थोडा विचार केला. “ते मी तिलेच इचारून येतो,” म्हणाले आणि उठले.