सासूबाईंनी तुडवलेला डबा

गाणं ऐन रंगात आलं होतं. धाकट्याने मान मागे टाकली, पाय उचलला आणि पुढ्यातल्या, गिटारचा आवाज बदलायच्या डब्याच्या मधल्या बटणावर दाणकन मारला. गिटार मुकी झाली. त्याने पुन्हा मारला, तिसऱ्यांदा मारला. हात तारांवर चालताहेत, आवाज कुठेच नाही. की-बोर्ड वाजवणाऱ्या मास्तरांनी हात न थांबवता नुसतं वळून पाहिलं.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं वाटावं इतक्या शांतपणे म्हणाले, "पुढच्या कार्यक्रमात हा असाच मेला, तर डब्याने आणि तू, दोघांनी घरीच बसायचं. मला वादक मिळतात."

धाकटा गिटार पाठीला अडकवून तडक बहिणीकडे आला. कारण डबा तिनेच बनवला होता.

तिला सगळे ताईच म्हणत. उमेदीची वर्षं तिने रेडिओच्या कारखान्यात काढली, सर्किटच्या पाट्यांवर सोल्डरने, म्हणजे वितळलेल्या कथलाने, सुटे भाग जोडत. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा बाकीच्या बाया गळ्यात गळे घालून रडल्या. ही साहेबाकडे गेली आणि आपलं सोल्डरिंग आयर्न मागून घेऊन आली. स्वयंपाकघराच्या पलीकडल्या खोलीत टेबल टाकलं आणि गाण्याबजावण्यातल्या लोकांचे माइक, स्पीकर दुरुस्त करायला लागली. हात हलका, तोंड मात्र फटकळ. "वायर म्हणजे शेपूट नव्हे, धरून ओढायला," असं भल्याभल्या गायकांना तोंडावर सुनावायची.

गिटारवाल्याचे दोन्ही हात तारांत गुंतलेले असतात. गाणं चालू असताना मऊ आवाज खरखरीत करायचा, कोरडा घुमवायचा, तर उरतो पाय. म्हणून पायाशी बटणांचा लोखंडी डबा, फूट कंट्रोलर. गिटार त्याच्यातून जाते आणि मग स्पीकरला. दुकानातल्या डब्याची बटणं इतकी चिकटून, की धाकट्याचा एक बूट दोन बटणांवर पडायचा. म्हणून ताईने त्याच्या बुटाचं माप घेऊन नवा केला होता.

आता तिने तो उघडला, भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक बटण तपासत गेली.

"सापडलं?" धाकटा उभाच.

"मधल्या बटणाखालचा सोल्डर. भोवती केसाएवढी भेग गेलीय. बटण पाटीवरच बसवलं होतं मी. तुझा सगळा भार त्या कणभर सोल्डरवर."

"पण घरात तर चालत होता!"

तेच तिला खटकत होतं. तिची रीत ठरलेली होती. नवीन डबा झाला की तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवायचा. जो आत जाईल त्याने बटण दाबायचं, जो बाहेर येईल त्यानेही. त्यातून जो तरला तोच बाहेर जायचा. हाही तरला होता.

तिने तो जुळवून पुन्हा उंबऱ्याशी ठेवला आणि माइक दुरुस्त करण्याचं सोंग घेऊन बसली. नवरा पाणी प्यायला आला. त्याने सपाता काढल्या, अंगठा पुढे केला आणि पाणी किती तापलंय बघावं तसा बटणाला लावला.

"अहो, काय करताय?"

"दाबतोय की."

"दाबताय का गुदगुल्या करताय?"

"तुझं एवढं नाजूक काम. मोडलं तर आठवडाभर कोण ऐकून घेणार?"

ताईने धाकट्याकडे पाहिलं. तो खाली बघायला लागला. "मीसुद्धा घरात हळूच दाबतो, ताई. तू डोळे फोडून केलेलं. तुझ्यासमोर लाथ मारवत नाही. स्टेजवर भान राहत नाही, तेव्हा बसते."

"म्हणजे तुम्ही सगळे मला जपत होतात," ताई म्हणाली, "आणि मी समजत होते डबा चांगला झालाय."

तिने सगळा डबा मोडला. बटणं पाटीवरून काढून लोखंडी झाकणाला नटाने आवळली, म्हणजे पायाचा भार लोखंडाने घ्यावा. तिथून पाटीपर्यंत मऊ वायरी सोडल्या, जरा सैल. पाटीखाली रबर घातलं. पण आता तुडवायचा कोणी? घरात सगळे तिला जपणारे. एक सोडून.

सासूबाई. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

"आई, एक काम आहे. बाहेरचे बूट घाला."

"कुठे पाठवतेस आता मला?"

"कुठे नाही. माझ्याबद्दल मनात जे काही साठलंय, ते ह्या डब्यावर काढा."

म्हातारीने डब्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. "सगळं?"

"सगळं."

"मग खुर्ची आणून ठेव. मधेमधे बसावं लागेल."

आणि सुरू झाली. "हे माझं कपाट हलवून टेबल टाकलंस म्हणून! हे माझ्या बहिणीला जेवायला थांब म्हणाली नाहीस म्हणून!" सरळ पाय, तिरका पाय, टाच, वरून काठी. कोपऱ्यात धाकटा गिटार छेडत बसला होता, दर लाथेला आवाज बदलत होता आणि तो दचकत होता. डब्याने सगळं सोसलं. शेवटी म्हातारी वळली, काठी डब्याला वीज देणाऱ्या अडॅप्टरच्या वायरीत अडकली, पिन निसटली. दिवे गेले, गिटार पुन्हा मुकी.

धाकट्याचा चेहरा पांढराफटक.

"मी काही मुद्दाम नाही केलं," सासूबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच जरा खालच्या आवाजात.

"बरं झालं केलंत," ताई म्हणाली. तिने वायर डब्याच्या अंगाला पट्टीने जखडली. मग आत एक रिले, म्हणजे विजेवर फिरणारा खटका, बसवला. वीज आहे तोवर तो गिटारला डब्यातून फिरवणार. वीज गेली की स्प्रिंगने मागे येऊन गिटार थेट स्पीकरला जोडणार. आवाज साधा, पण आवाज.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ताई पडद्याआड उभी राहिली. पहिली गाणी सरळ गेली. मग तेच गाणं आलं. धाकट्याने मान मागे टाकली, पाय उचलला आणि डबा पुन्हा मेला तर, या धास्तीने पाय हवेत घुटमळला. मग त्याने बटणावर तो अलगद टेकवला, घरातल्यासारखा. बटण खटकलंच नाही. आवाज होता तसाच मऊ. मास्तरांची मान वळायला लागली.

स्पीकरच्या त्या दणदणाटात हाक मारून उपयोग नव्हता. ताईने आपला पाय उचलला आणि फळ्यांवर आपटला. पुन्हा आपटला, सासूबाईंसारखा, टाचेने. धाकट्याला ती दिसली. त्याने दात खाल्ले आणि लाथ हाणली. खटक! गिटार कान फाडत निघाली. मास्तरांची मान अर्ध्यावरूनच परत गेली.

ताईने श्वास सोडला तोच गायक नाचत मागे आला आणि त्याच्या पायात वायर आली. डब्याची पट्टी हलली नाही, पण भिंतीकडचा अडॅप्टरच बोर्डातून उपटून निघाला. डब्याचे सगळे दिवे विझले.

गिटार वाजतच राहिली. खरखर गेली, घुमणं गेलं, नुसती कोरडी, उघडी गिटार. धाकट्याने खाली पाहिलं, काळे दिवे पाहिले, त्याचे डोळे विस्फारले. पण हात थांबला नाही. आवाज लहान झाला तसं तोही हलकं वाजवायला लागला. ताई गुडघ्यांवर पडद्यामागून रांगत गेली, अडॅप्टर खोचला आणि तिथेच हाताने दाबून बसली. दिवे आले. धाकट्याने परत लाथ घातली आणि गाणं मोठ्या आवाजात संपलं. टाळ्या वाजत होत्या, आणि ताई बोर्डाला धरून जमिनीवर.

सामान आवरताना मास्तर धाकट्याकडे आले. "मध्येच एकदम साधी वाजवलीस?"

धाकट्याने बहिणीकडे पाहिलं. तिचे गुडघे धुळीने माखलेले. "वायर निघाली होती. डबा बंद पडला."

"पण गिटार चालू होती."

"हो."

मास्तर खाली वाकले, बटण बोटाने दाबून पाहिलं, मग उठून बुटाने. "रविवारी लवकर ये. ती साधी जागा तशीच ठेवायची, फक्त वायर न काढता. आणि ताई, माझाही एक डबा करा."

घरी सासूबाई जाग्याच होत्या. "मोडला?"

"नाही, आई."

"मग सूनबाई, माझं अजून बरंच काढायचं राहिलंय," म्हातारी म्हणाली.

"काढा की," ताई सोल्डरिंग आयर्नची वायर लावत म्हणाली. "मास्तरांचा डबा येतोय."