मालखान्यातली बाई

अन्याय झाला तो एका मेंढरं राखणाऱ्या बाईवर. कधी? निजाम गेल्यानंतरच्या दुसऱ्या पोळ्याला, करीच्या दिवशी, शाळेची घंटा झाल्यापासून ऊन कलेपर्यंत. वेळ मी लिहून ठेवतो, कारण ठाण्याच्या कागदात ती नाही.

गुन्हा दोघांचा होता, नवरा-बायकोचा. एका शेतकऱ्याच्या ओसरीतून पितळी घागर उचलली, दारूच्या बदल्यात द्यायला निघाले आणि वाटेतच सापडले. दोघंही रोजचे पिणारे. तो दोस्तांबरोबर ताडकळसच्या बाजारात शिकला. तिला बाळंतपणात थंडी धरू नये म्हणून सासूनंच वाटीभर मोहाची पाजली होती. लेकरू गेलं, वाटी राहिली. तो पिऊन भर बाजारात नाचायचा. ती मेंढरांमागं घोंगडी तोंडावर ओढून प्यायची. त्यामुळं तो दारुडा हे साऱ्या मुलखाला ठाऊक आणि तिचं कुणालाच नाही. मला होतं. माळावर तिच्याजवळून गेलं की वास यायचा.

त्याला हवालातीत टाकलं. बायकांना हवालात नव्हती, म्हणून तिला मालखान्यात, जप्तीचा माल ठेवायच्या खोलीत, कोंडलं. तिथं रझाकारांकडून जमा केलेले भाले भिंतीला टेकवून ठेवलेले होते आणि त्यांच्या पायाशी ती घागर, चिठ्ठी चिकटवलेली.

तिसऱ्या दिवशी, करीला, शाळेची घंटा होताना मी दारूबंदीची पत्रकं घेऊन ठाण्यात गेलो.

"या पुढारी!" जमादार म्हणाले. "आज कुणाची दारू सोडवायलाव?"

गजांमागं नवरा थरथरत होता. घामानं निथळत होता, अंगावरचे नसलेले किडे झटकत होता.

"तलफ हाय त्याची," जमादार म्हणाले. "एकदम तुटली की माणूस मरतंय. कंपाउंडरला बोलावलंय."

कंपाउंडर सायकलवरून आला. औषध दिलं, गुळाचं पाणी पाजलं, डोक्याखाली पोतं ठेवलं. माणूस निवला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू!

मग मागच्या अंगणातून घुमल्यासारखा आवाज आला.

मालखान्याच्या खिडकीशी दहा-बारा बाया बसल्या होत्या. चौकटीवर लिंबू, हळदीकुंकू. आत ती. तीच थरथर, तोच घाम, तेच हात हवेत काहीतरी झटकणारे. कपाळभर कुंकू फासलेलं. ते घामानं ओघळून डोळ्यांत उतरलेलं.

"काल अमावस्या झाली न्हवं," जमादारांची बायको हळूच म्हणाली. "अंगात आलंय बाईच्या."

"अहो वहिनी, ती पिते! नवऱ्याला झालंय तेच हिला झालंय."

"पितीय?" जमादार मागून हसले. "बाईमाणूस कुठं असं पितंय का? तुमच्याच कागदावर बगा की."

पत्रकावर चित्र होतं: बाटली घेतलेला नवरा आणि चुलीपुढं रडणारी बायको. ते चित्र मीच काढवून घेतलं होतं.

"पाणी," ती आतून म्हणाली.

कुणी उठलं नाही. वारं उतरेपर्यंत पाणी द्यायचं नसतं. कंपाउंडरला मी दंडाला धरून आणलं. त्यानं एकदा आत पाहिलं, चपला काढल्या, हात जोडले. "देवाच्या कामात आमी हात घालत न्हाई, दादा," म्हणाला आणि सायकलीकडं वळला.

"मेंढरं आली," ती भिंतीकडं पाहून म्हणाली. "भिंतीतून यायलीत. एकालाबी डोळे न्हाईत."

"कुणाची मेंढरं, आई?" एका म्हातारीनं विचारलं. ती गजांपर्यंत सरपटत आली आणि माझ्याकडं बघायला लागली. बराच वेळ बघितलं.

"तुज्या मागं ते लेकरू कुणाचं उभं हाय?"

मी वळून पाहिलं. भिंत होती, भिंतीवर ऊन होतं. पण बायाही वळल्या, आणि एकेक करून सरकल्या. अंगणाच्या मधोमध लहान पोराएवढी जागा मोकळी राहिली. भर दुपारी त्या जागेकडं पाहताना माझ्या अंगावर काटा आला. त्या जागेपलीकडं विहीर होती, काठावर भरलेली बादली होती.

मी हात जोडले. मोठमोठी पत्रकं लिहिणारा मी! हात जोडले, आणि त्या रिकाम्या जागेला वळसा घालून थेट फाटकाबाहेर गेलो. बादलीला हातही लावला नाही.

ऊन कललं तेव्हा ती गेली. कागदात उर्दूत लिहिलं, बाईच्या अंगात येऊन ती मेली. नवरा पुढं कचेरीत उभा राहिला. घागर उचलली तेव्हा नशेत होता, शुद्ध नव्हती, म्हणून त्याला दरडावून सोडून दिलं. नशेचा दिलासाही पुरुषालाच. तिच्या नशेला कुणी नशा म्हणायलासुद्धा तयार नव्हतं, आणि ते शिकवणारा एक कागद माझा होता.

उरलेली पत्रकं मी जाळली. त्यानं काही झालं नाही.

आता तुम्ही. तुमच्या जवळच्या ठाण्यात उद्या सकाळी जा आणि तोंडावर विचारा: बाई पकडली तर ठेवता कुठं? ती थरथरायला लागली तर आधी कुणाला बोलावता? ते हसतील. हसू द्या. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.