दोधू पाटलाचे अन्नामी

कळसाडीच्या दोधू पाटलाबद्दल लोक दोन गोष्टी सांगतात. एक, तो रंगूनला होता. दोन, तो माझ्या आजोबांविरुद्ध निवडणुकीत पडला. दोन्ही चूक. रंगूनला तो कधी गेला नाही, आणि ती निवडणूक झालीच नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि यातलं बरंचसं आमच्याच ओट्यावर घडलं, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

१९२३ साली, बावीस वर्षांचा असताना, दोधू थोरला भाऊ हिलाल याच्याशी बैलजोडीवरून भांडला आणि घराबाहेर पडला. नंदुरबारला येऊन गाडीत बसला. सुरतेला उतरला, कारण गाडी पुढे जात नव्हती. तिथे रांदेरच्या एका कापडवाल्याला दुकान राखायला धिप्पाड माणूस हवा होता. दुकान नोमपेनला होतं. नोमपेन नवसारीच्या आसपास कुठेतरी असेल अशी दोधूची समजूत होती. जहाजावरचा तिसरा दिवस उजाडला तेव्हा त्याने चौकशी केली.

नोमपेन ही कंबोडियाची राजधानी. तिथे राज्य फ्रेंचांचं, गादीवर राजा तिथलाच, आणि रयत ख्मेर. दोधू अकरा वर्षं राहिला. त्याने गाठी उचलल्या, कापड मापलं, ख्मेर भाषा कामापुरती उचलली. सोक नावाचा एक होडीवाला त्याचा मित्र झाला. सोक चार इयत्ता शिकला होता आणि त्याला सरकारी कचेरीत चिकटायचं होतं. ते जमलं नाही, कारण फ्रेंचांनी कचेऱ्यांत कारकून भरले ते शेजारच्या मुलखातून आणून. त्या लोकांना तेव्हा अन्नामी म्हणत. आता आपण व्हिएतनामी म्हणतो.

१९३४ साली दोधू परत आला. खांद्यावर चौकड्यांचं एक लांब उपरणं होतं. सामान म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. सोकची तक्रार मात्र त्याने अख्खी आणली होती आणि ती तो आमच्या ओट्यावर बसून रोज सांगायचा.

ओटा म्हणजे माझे आजोबा भीकमचंद, आमचे दादाजी, यांच्या दुकानाचा. दादाजींचे आजोबा मारवाडातून कळसाडीत आले होते. आमच्याकडे किराणा होता, कपाशीची खरेदी होती आणि माल तोलायचा गावातला एकमेव मोठा काटा होता. सकाळी माल टाकायला आलेली माणसं ओट्यावरच बसत.

"तठे जकातवर अन्नामी. टपालमा अन्नामी. दवाखानामा गया ते सुई टोचनारा बी अन्नामी," दोधू एकेक बोट दुमडत सांगायचा. "तळामा मासा ख्मेरना, जाळं अन्नामीनं."

"मंग ख्मेर काय करस?" कोणीतरी विचारायचं.

"भात पेरस."

ओट्यावर बसलेले सगळे पेरणारेच होते.

"आनि राजा?"

"राजा हत्तीवर बठस."

सोकने त्याला जुना इतिहासही सांगितला होता. त्यांच्या एका राजाने अन्नामींची राजकन्या बायको केली. तिच्या माहेरच्यांनी मागितला म्हणून समुद्राच्या बाजूला एक जकातनाका त्यांना दिला. नाक्यामागून शिपाई आले, शिपायांमागून बायकापोरं आली, आणि शे-दोनशे वर्षांत तो सगळा मुलूख हातचा गेला. गावांची नावंसुद्धा बदलली. उद्या फ्रेंच गेले तर उरलेलंही असंच जाईल, ही सोकची भीती. यात खरं किती आणि सोकचं किती, मला माहीत नाही. दोधू शपथेवर सांगायचा.

एक गोष्ट तो लपवत नसे. तिथे तो तापाने पडला तेव्हा शेजारच्या अन्नामी सुताराच्या बायकोने त्याला आठ दिवस पेज पाजली होती. सोकचंही त्या सुताराशी वाकडं नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच, की माझ्याच देशात सरकारशी बोलायला मला मध्ये दुसरा माणूस का लागावा?

ही गोष्ट सगळ्यात जास्त कोणाला आवडायची, तर दादाजींना. ते हातातलं काम टाकून ऐकत. "अरेरे! स्वतःना देशमा!" असं म्हणत आणि दोधूसाठी आतून चहा मागवत. एकदा तर त्यांनी विचारलं, "मंग तेस्नी त्यास्ले हाकली काब नही दिन्हं?" दोधूने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि चहा प्यायला.

१९३५ साली तालुका लोकल बोर्डाची निवडणूक आली. कळसाडीकडच्या जागेवर दादाजी दोनदा बिनविरोध गेले होते. त्यात लबाडी काही नव्हती. गाव बोलायचं अहिराणी, शहाद्याच्या तालुका कचेरीत चालायची पुस्तकी मराठी, आणि दोन्ही धडपणे येणारे दादाजी एकटे. गावाचा प्रत्येक अर्ज त्यांच्या हाताने लिहिला जायचा. अक्षर मोत्यासारखं. लोक अंगठा उठवून शेताला जायचे आणि अर्जात काय होतं ते निकाल लागल्यावर त्यांना कळायचं.

दोधूला ती जागा हवी होती. त्याने ते आडपडदा न ठेवता सांगितलं. कळसाडीचं गाऱ्हाणं कळसाडीच्या पेरणाऱ्याने, त्याला येते त्या बोलीत, बोर्डासमोर उभं राहून सांगायचं. सोकला जे जमलं नाही ते इथे करून दाखवायचं. वर्षभर गोष्ट ऐकून गाव तयार झालंच होतं. सगळे म्हणाले, दोधू, उभा राहा.

मग दोधू शहाद्याहून उमेदवारीचा फॉर्म घेऊन आला आणि सरळ आमच्या ओट्यावर चढला.

"शेठ, हाई जरा लिखी द्या."

"काय शे?"

"बोर्डना फारम. मी उभा ऱ्हायी ऱ्हायनू."

"झकास!" दादाजींनी चष्मा चढवला. "बापनं पुरं नाव सांग."

दहाच मिनिटांपूर्वी त्यांनी स्वतःचा फॉर्म भरून शाई वाळायला बाजूला ठेवला होता. दोधूचाही तितक्याच सुंदर अक्षरात भरला. खाली सूचकाची सही हवी होती. जवळ कोणी सही येणारं नव्हतं, म्हणून तीही त्यांनीच केली. कळसाडीत लिहिण्याचं काम निघालं की ते भीकमचंदकडे जायचं, त्यामुळे यात कोणालाच वावगं दिसलं नाही. दोधूला नाही, गावाला नाही, आणि दादाजींना तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी ते दोन्ही फॉर्म स्वतःच बैलांच्या दमणीतून शहाद्याला घेऊन गेले.

तिथल्या कारकुनाने विचारलं, "शेठजी, तुमच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्याचे सूचक तुम्हीच?"

"माझ्याविरुद्ध कुठे? तो अन्नामींविरुद्ध आहे."

अन्नामी कोण हे विचारायला कारकुनाला वेळ नव्हता.

घरी जेवताना दादाजींनी हा किस्सा हसत सांगितला. माझी दादी जडावबाई भाकरी वाढत होती. ती हसली नाही.

"अन्नामी तो आपां हां," ती आमच्या घरच्या मारवाडीत म्हणाली. "थे अजै समझ्या कोनी?"

"आपां? आपां कियां?"

"गांव में कांटो किण रो?"

"आपां रो."

"कचेड़ी में कुण बोलै? और गांव कांई करै?"

दादाजींनी घास ताटात परत ठेवला. गाव पेरायचं. भात नव्हे, कपाशी, एवढाच फरक.

सकाळी दोधू आला तेव्हा ते दारातच उभे होते.

"दोधू, खरं सांग. मी अन्नामी शे का?"

दोधू खरोखर चकित झाला. "मंग तुम्हले काय वाटनं, शेठ? वरीसभर मी कोनी गोठ सांगी ऱ्हायंतू?"

"मन्हा जलम आठला! मन्हा बाप आठे मरना, आजा आठे मरना!"

"त्या सुतारना जलम बी तठलाच व्हता." दोधूला वाईट वाटत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "तुम्ही मानूस चांगला शेतस, शेठ. फारम बी झकास लिखं."

त्या दिवशी दुकान दुपारीच बंद झालं. दादाजी आत जाऊन झोपले आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दोधूचं काम जोरात होतं. ज्याच्या नावावर शेतसारा त्यालाच मत, असा तेव्हा कायदा. त्यामुळे तो बांधाबांधाने फिरून खातेदारांना गाठत होता. असाच एकदा नाल्याकाठच्या, दोघा भावांच्या सामाईक शेतात चार-पाच खातेदार जमवून तो जकातनाक्याची गोष्ट सांगत होता. बाज्या भिल तिथे वखर हाकत होता. बाज्या लहानपणापासून या भावांच्याच घरी सालदार. त्याच्या नावावर एक ढेकूळही नव्हतं, म्हणून मत नव्हतं. त्याने बैल थांबवले.

"दोधू पाटील, हाई वावर पह्यले कोनं व्हतं?"

"तुन्हा आजानं," दोधू म्हणाला. सगळ्या गावाला माहीत होतं ते.

"मंग तुम्हनाकडे कसं वनं?"

"दुस्काळमा. दोन पोता ज्वारीमा."

बाज्याने जरा विचार केला. "त्या राजाले राजकन्या तरी भेटनी. आम्हले नुस्ती ज्वारी."

खातेदार खो खो हसले. बाज्याही हसला.

"मंग पाटील, मन्ही गोठमा अन्नामी कोन?"

पुन्हा हसले. दोधू हसला नाही. गोष्ट अर्धी टाकून तो घरी गेला, आणि पुढचे चार दिवस कोणाच्या बांधावर गेला नाही.

नाव मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी दादाजी दमणी जुंपून शहाद्याला गेले. ज्या गावाला आपण अन्नामी वाटतो त्या गावाच्या वतीने बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. कोणाला सांगितलं नाही, दादीलाही नाही. नाव काढून ते गाडीरस्त्याने परतले. दुपारी दोधू शेतांमधल्या पाऊलवाटेने चालत शहाद्याला पोचला. त्यानेही कोणाला सांगितलं नव्हतं. त्याने नाव काढलं, अंगठा उठवला, आणि कारकून म्हणाला, "म्हणजे कळसाडीकडचे दोघंही गेले."

"दोन्ही? कोन दोन्ही?"

काढलेलं नाव परत घालता येत नाही, असा नियम निघाला. दोधूने तिथे तासभर हुज्जत घातली. मग चालत परत आला.

जागा रिकामी राहिली आणि सरकारने एक पेन्शनर गृहस्थ नेमले. ते पुण्याकडचे. शहाद्याची हवा दम्याला बरी म्हणून येऊन राहिले होते. ते कळसाडीला एकदाही आले नाहीत. गावाने नाल्यावरच्या मोरीसाठी दादाजींच्याच हातचा अर्ज पाठवला, तर "भाषा सुधारून पाठवावा" असा शेरा मारून परत आला. गाव दोघांवरही उखडलं. हिलाल चावडीवर सगळ्यांसमोर भावाला म्हणाला, "अकरा वरीस परदेशमा ऱ्हायना आनि अक्कल तठेच ठेई वना!"

दोधूला एका माणसाकडून तरी बरा शब्द ऐकायचा होता. तो बाज्याकडे गेला. "तुन्हा बोलनावर मी नाव काढी लिनं," तो म्हणाला. मनात थोडा मोठेपणा असणार, तो मी नाकारत नाही.

बाज्या बैलांना पाणी पाजत होता. "नाव काढं," तो म्हणाला. "वावर कोठे काढं?"

यानंतर दोधूने जे केलं त्याबद्दल लोक बोलत नाहीत, रंगून सांगत बसतात. त्याने हिलालकडे वाटणी मागितली. स्वतःच्या हिश्शात नाल्याकाठचं वावर मागितलं. ते गाळाचं, घरातलं सगळ्यात कसदार रान. हिलाल सहजी देणार नव्हता, म्हणून त्याबदल्यात दोधूने रस्त्याकडची दोन शेतं सोडली. त्याच्याकडे राहिलं ते हे वावर आणि वर मुरमाड दीड बिघा. वाटणी झाल्यावर महिन्याभरात वावर त्याने एक पैसाही न घेता बाज्याच्या नावावर करून दिलं.

दस्ताचा मसुदा दादाजींनी लिहिला. दोधू ओट्यावर आला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. एकाच ओळीत दादाजींनी दोनदा खोडलं. त्यांच्या कागदावर खोडाखोड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. लिहून झाल्यावर त्यांनी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, पुस्तकी मराठीतलं वाक्य वाचायचं आणि लगेच अहिराणीत सांगायचं. असं त्यांनी आधी कधी कोणासाठी केलं नव्हतं. बाज्याने एक ओळ परत वाचायला लावली. त्यांनी वाचली. मग बाज्याने अंगठा उठवला.

दादाजी बोर्डावर परत गेले नाहीत, आणि पुढे ती बोर्डंच मोडीत निघाली. मोठा काटा मात्र आमच्याचकडे राहिला. तो सोडावा असं आमच्या घरात कोणाला सुचलं नाही, हेही लिहायला हवं. दोधू मुरमाड दीड बिघ्यात कुळीथ लावून आणि हिलालच्याच शेतावर मजुरी करून राहिला. लग्न केलं नाही. नोमपेनची गोष्ट कोणी मागितली तर सांगायचा, पण मागणारे कमी झाले होते.

पहिल्या हंगामात बाज्याच्या वावरात ज्वारी चांगली पिकली. खळं झालं. एक टोपलं तो दोधूच्या दारात नेऊन ठेवील अशी सगळ्या गावाची खात्री होती, आणि दोन-तीन जणांनी त्याला तसं सुचवलंही. त्याने नेलं नाही. दोधूनेही वाट पाहिली नाही. त्या दिवशी तो हिलालची कपाशी वेचायला गेला होता.