भावाच्या बैलायची घाटी

जेठ लागला की आमच्या गावात कोणी कोणाचं ऐकत नसे. ऐकूच येत नसे, तर ऐकन कोण? नाल्याच्या काठानं कडूनिंबाची रांग होती. उन्हाळ्यात तिच्याखालच्या मातीतून किडे निघत, खोडावर चढत, अंगावरची कात तिथंच सोडत अन् उन्हं तापली की असे किरकिरत, की अंगणात समोरासमोर उभी असलेली दोन माणसं हातवारे करून बोलत. एखाद्या वर्षी थोडे निघत. ज्या वर्षाचं मी सांगून राहिली, त्या वर्षी झाडाले पानं जास्त का किडे जास्त, हेच समजत नव्हतं. मले तो आवाज आवडे. आता हे कोणाले सांगितलं तर म्हणतील, बुढी चळली.

सात समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई लागली होती म्हणे, अन् तिच्यापायी आमच्या कापसाले सोन्याचा भाव आला होता. रेल तवा अकोल्यापर्यंतच आली होती. अमरावतीकडचा कापूस बैलगाड्यायनं अकोल्याले जाये, अन् माहा मोठा भाऊ त्याच कामाले लागला होता. आमचं गाव सडकेपासून जरा आत. गाड्यायचा तांडा गावात येत नसे, थांबतही नसे. एकटी गाडी मागं पडली तर वाटेत लुटारूयची भीती. म्हणून भाऊ जाता-येता फाट्यावर गाडी घडीभर बाजूले घे, अन् माय त्याले तिथं शिदोरी नेऊन दे.

बैल मायच्या माहेरचे होते. त्यायच्या गळ्यात काशाची जुनी घाटी होती, जाड आवाजाची. सडकेवर किती का गाड्या असेनात, माय दारात बसून ती घाटी बरोबर ओळखे. अन् आमच्यात एक रीत होती. गाडी ऐकू आल्याबिगर बाईनं सडकेवर जाऊन उभं राहू नये. आधीच वाट पाहत बसलं तर गाडीवर विघ्न येते म्हणत. मायनं ही रीत कधी मोडली नाई. घाटी वाजली की उठायचं, तोवर दारातच बसायचं.

त्या उन्हाळ्यात मायलेकाचं बिनसलं. घरापुढच्या वावरात माय ज्वारी पेरे. भाऊ म्हणे, यंदा तिथंही कापूसच लावू.

"मंग लेकरायच्या ताटात काय सरकी वाढू?" माय म्हणाली.

"तुले काही समजत नाई. चूप राह्य."

"माह्या हातची भाकर काहून खातं मंग?"

"नाई खात, जाय."

शिदोरी चुलीपाशी तशीच राहिली अन् तो गाडी जुंपून माल भराले अमरावतीले निघून गेला. दोघंही सारखेच हेकट. बाबा मधात पडले असते तर मिटलं असतं, पण घरात आवाज चढला की बाबायले म्हशीले पाणी दाखवाचं आठवे.

मायचा राग काही टिकला नाई. भरली गाडी घेऊन तो फाट्यावरून अकोल्याले जाईन, हे तिले माहीत होतं, फक्त दिवस माहीत नव्हता. रोज भाकरी, लसणाची चटणी, आंब्याची फोड फडक्यात बांधून ती दारात बसे. मले म्हणे, "ज्वारीचं मी आता बोलत नाई. लावू दे त्याले कापूस. येऊ दे फक्त." अन् बाहेर ते किडे. ती कानामागं हात धरे, मान वळवून पाहे, कंटाळून हात खाली घे.

मी म्हटलं, "फाट्यावरच जाऊन बसू ना, माय."

तिनं डोळे वटारले. "भावाच्या गाडीवर विघ्न आणतं काय?"

तांडा गेला, हे आमाले धुळीवरून समजलं. दिवस कलला होता, सडकेवर धुळीचा पट्टा खाली बसत होता. माय शिदोरी छातीशी धरून अनवाणीच धावली. मी तिच्यामागं. फाट्यावर बैलायचं ताजं शेण होतं, अन् एका गाडीची चाकोरी सडकेवरून बाजूले उतरून परत वर चढली होती. माय त्या चाकोरीपाशी बसून राहिली.

पुढचं आमाले शेजारच्या गावच्या गाडीवानानं सांगितलं. तो भावासंगं त्याच गाडीवर होता. भावानं गाडी बाजूले घेतली अन् जुवाले टेकून गावाकडं पाहत बसला. फाट्यावर एकही झाड नव्हतं. तिथं किड्यायचा आवाज दुरून, बारीक येत असन. आपली घाटी घरी ऐकू जात नसन, हे त्याच्या ध्यानात तरी कसं यावं? तांड्यातली शेवटची गाडी गेली तरी हा उठेना. घाटी हातानं धरून त्यानं जोरजोरानं हलवली. मग म्हणाला, "मायनं राग सोडला नाई," अन् बैल हाकलले.

गाडीवान हे सांगत होता, तवा भावाची गाडी आमच्या अंगणात उभी होती. तीच पोचवाले तो आला होता. अकोल्यात कापसाच्या गर्दीत पटकी पसरली होती. भाऊ तिथंच गेला.

माय किड्यायले शिव्या देत राहिली, दिवसभर, घसा बसेपर्यंत. रीतीले तिनं शिव्या दिल्या नाईत, अन् त्याचं मले आजही वाईट वाटते. पाणी पडाच्या आत तिनं बाबायले नाल्यावरची सारी झाडं तोडाले लावली.

दुसऱ्या वर्षी जेठ आला तो मुका. सडकेवरची एकूण एक गाडी घरात ऐकू ये. माय हातातलं काम टाकून उठे, उंबऱ्यापर्यंत जाये, ऐके, परत येऊन बसे. दिवसातून किती वेळा, ते मी मोजलं नाई. बाबा म्हशीकडं जात.

एक दिवस भाकर थापता थापता ती मले म्हणाली, "झाडं राहू द्याले पायजे होती. गाडी आली असन, ऐकू आली नसन, असं तरी म्हणता आलं असतं."