हलणाऱ्या टेबलावरची रीडिंग्ज

सरांनी माझा ग्राफ दोन बोटांत धरून बॅचला दाखवला. "बघा, रांगोळी."

सगळे हसले. मग मला आडनाव विचारलं. रोज हजेरी घेणाऱ्या माणसाला माझं आडनाव ठाऊक नव्हतं? सगळ्यांसमोर वदवून घ्यायचं होतं.

"वडील काय करतात?"

"लूमवर आहेत."

"तरीच हात थरथरतात. हिला भिंगं पुसायला ठेवा रे, मायक्रोस्कोपला डोळा दुसरं कुणी लावेल."

भिवंडीतलं इंजिनीअरिंग कॉलेज. फिजिक्सची लॅब. सोडियमचा पिवळा दिवा, काचेवर ठेवलेलं भिंग, मायक्रोस्कोपमधून दिसणारी काळी-पिवळी वर्तुळं. त्यांचे व्यास मोजून व्यासांच्या वर्गांचा ग्राफ काढायचा. रेघ सरळ यायला हवी. सगळ्यांची यायची, कारण मोजत कुणीच नव्हतं. पुस्तकातलं उत्तर घ्यायचं, उलटं गणित करायचं, रीडिंग्ज पाडायची. काल्हेरच्या गोडाऊनवाल्यांची पोरं मायक्रोस्कोपला हात न लावता पैकीच्या पैकी घ्यायची. त्यांना कुणी आडनाव विचारत नव्हतं.

मी मोजलं. भिंतीपलीकडे लूमचा, यंत्रमागांचा कारखाना. त्या धडधडीनं टेबल हलायचं, वर्तुळं नाचायची. म्हणून एकेक वर्तुळ पुन्हा पुन्हा मोजलं. सरासरी काढली. रीडिंग किती मागेपुढे होतं, तेही प्रत्येक ठिपक्यावर उभी रेघ मारून दाखवलं. मोजणं म्हणतात ते यालाच. आणि माझ्या बापाचे हात? तुटलेला धागा एका झटक्यात गाठतात ते. थरथरत नाहीत.

"सर, हात नाही, टेबल हलतंय. तुम्ही डोळा लावून बघा."

"मला शिकवू नकोस. पुसून सरळ रेघ आण. नाहीतर सही नाही."

सही नाही म्हणजे परीक्षा नाही. कोन गावात घरी आल्यावर आई म्हणाली, "पुस ना गं. त्या कागदाला काय सोनं लागलंय?"

"पुसणार न्हाय. पुसलं तर सर बाबाला बोलला ते खरं व्हईल."



पुसलं नाही. सही मिळाली नाही. वर्ष गेलं. रडले, संतापानं रडले.

आता पुन्हा तोच प्रयोग, तेच सर. मी दिसेल तेच लिहिणार. सही अडवायची असेल तर त्यांनी आधी माझ्या शेजारी बसायचं, मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि काय दिसतंय ते सगळ्या बॅचसमोर मोठ्यानं सांगायचं. तोवर मी टेबल सोडणार नाही.